सीईसीचा इतिहास बी.एड. स्पेशलला का असतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बी.एड. स्पेशलला, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांच्या कोर्सला, सीईसी, म्हणजे काउन्सिल फॉर एक्सेप्शनल चिल्ड्रन, या अमेरिकेतल्या संघटनेचा इतिहास पाठ करायला लावतात, तर तिकडच्या शिक्षकांच्या संघटनेशी आपलं काय देणंघेणं, आणि आपल्याकडे असं काही आहे की नाही, की आरसीआय, म्हणजे रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया, हीच आपली सीईसी. मी वडोदऱ्यात स्पेशल एज्युकेटर आहे, दांडिया बाजारच्या बाजूला राहते, आणि शिकताना मलाही हे युनिट रटाळच वाटायचं कारण आम्हाला नुसत्या सनावळ्या दिल्या होत्या. नोकरीत पडल्यावर ते सगळं परत वाचलं आणि तेव्हा कळलं की आपण रोज जे करतो त्यातलं बरंचसं तिथून आलंय.

सुरुवात एका बाईंपासून होते, एलिझाबेथ फॅरेल. १८९९ साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला, हेन्री स्ट्रीटवरच्या शाळेत त्यांनी एक वर्ग सुरू केला. ती वस्ती बाहेरून आलेल्या गरीब कुटुंबांची, घरात वेगळी भाषा, शाळेत इंग्रजी, वर्ग खचाखच भरलेले. आणि शिक्षण सक्तीचं केलेलं, त्यामुळे जी पोरं आधी शाळेच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसती ती सगळी वर्गात येऊन बसली. त्यातली वय वाढलेली, मागे पडलेली, दंगा करणारी, कुणालाच नको असलेली मुलं फॅरेलबाईंकडे आली. त्यांनी काय केलं तर स्पेलिंगचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि मुलांच्या हातात पत्र्याचे डबे, लाकूड, हत्यारं, रंग आणि मोठे ब्रश दिले, पाढ्यांच्या जागी चित्रांची कोडी. आधी शाळा म्हणजे शिक्षा नाही हे मुलांना पटू दे, मग वाचन. आज आपण अॅक्टिव्हिटी बेस्ड वगैरे म्हणतो ते त्या बाई तेव्हा करत होत्या. शेजारीच लिलियन वाल्ड या नर्सबाईंचं सेटलमेंट हाऊस, म्हणजे गरीब वस्तीत राहून लोकांना मदत करणारं केंद्र, होतं, त्यांनी पाठिंबा दिला, वर्ग वाढत गेले आणि १९०६ मध्ये शहरातल्या अशा सगळ्या वर्गांची जबाबदारी फॅरेलबाईंकडेच आली.

इथे आपल्या गावाची आठवण येणारच. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत शिक्षण आधी १८९३ ला अमरेलीत करून पाहिलं आणि १९०६ ला अख्ख्या बडोदा संस्थानात लागू केलं. बडोदेकर मराठी माणूस हे अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच पाहिजे. पण सक्ती आली की दुसऱ्या दिवशी शिक्षकापुढे असं मूल येऊन बसतं ज्याला नेहमीच्या पद्धतीने शिकवता येत नाही, आणि त्या मुलाचं काय करायचं हे नुसत्या कायद्यात लिहिलेलं नसतं, ते शिक्षकालाच शोधावं लागतं, तेही एकट्याने. संघटनेची गरज नेमकी इथे लागते.

१० ऑगस्ट १९२२ ला न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फॅरेलबाई आणि त्यांच्याबरोबरची मंडळी, मिळून १२ जणं जमली आणि संघटना उभी राहिली. नाव लांबलचक होतं, इंटरनॅशनल काउन्सिल फॉर द एज्युकेशन ऑफ एक्सेप्शनल चिल्ड्रन, आणि पहिल्या अध्यक्ष फॅरेलबाईच. उद्देश तीन ठरवले. पहिला, मुलांना ओळखून त्यांचे प्रकार पाडत बसण्यापेक्षा त्यांच्या शिक्षणावर भर द्यायचा. दुसरा, या क्षेत्रातल्या शिक्षकांसाठी व्यावसायिक दर्जा ठरवायचा. तिसरा, या मुलांच्या शिक्षणात रस असलेल्या सगळ्यांना एकत्र आणायचं. माझ्या मते पहिला उद्देश सगळ्यात मोठा, कारण तो काळ बुद्ध्यंकाच्या चाचण्यांचं वेड लागलेला होता, जो तो मुलांना आकडे चिकटवत होता, आणि त्यावेळी १२ जणं म्हणतात की आकडा राहू दे, मूल शिकतं कसं ते बघा.

अर्थात ठरवलं तसंच सगळं झालं असं नाही. स्पेशल क्लास वाढत गेले आणि त्याबरोबर लेबलं पण वाढली. १९६८ साली लॉइड डन, जे या संघटनेचे अध्यक्ष राहिलेले होते, त्यांनी संघटनेच्याच 'एक्सेप्शनल चिल्ड्रन' या जर्नलमध्ये लेख लिहून विचारलं की सौम्य मतिमंद म्हणून ज्या मुलांना आपण वेगळ्या वर्गात बसवतोय ते खरंच योग्य आहे का. त्यांच्या अंदाजाने त्या वर्गांतली ६० ते ८० टक्के मुलं गरीब आणि अल्पसंख्याक घरांतली होती, म्हणजे भाषा वेगळी, राहणी वेगळी, आणि शिक्का मात्र बुद्धी कमी असल्याचा. स्वतःच्याच क्षेत्राबद्दल, आणि आधी आपणही अशाच वर्गांची बाजू घेतली होती हे मान्य करून, असं लिहायला धाडस लागतं आणि ते संघटनेने आपल्या जर्नलमध्ये छापलं याचं मला फार कौतुक आहे. त्या लेखावर पुढे कितीतरी वर्षं वाद चालले.

हे वाचताना मला माझा एक विद्यार्थी डोळ्यासमोर आला. घर पक्कं मराठी, शाळा गुजराती माध्यमाची. त्याच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की संख्येची समज नाही. त्याला "त्रण चमची आप" म्हटलं की तो नुसता बघत बसायचा. मी टेबलावर चमचे पसरले आणि आजी बोलते तसं म्हटलं, "तीन चमचे दे रे बाळा." त्याने एक एक करून तीन उचलले, माझ्या हातात दिले आणि चौथ्यावरचा हात मागे घेतला. चौथ्यावर थांबला म्हणजे समज आहे! त्याला मदतीची गरज होतीच, ती नव्हती असं मी म्हणत नाही, पण सुरुवात कुठून करायची ते सगळं बदललं. त्याच्या आयईपीमध्ये, म्हणजे त्या एका मुलासाठी लिहिलेल्या शिक्षणाच्या योजनेत, पहिली ओळ घरच्या भाषेबद्दल लिहिली, आणि मग मराठी आकड्यांवरून गुजरातीवर आणलं, आईला सांगितलं की ताटं वाढताना त्याच्याकडूनच मोजून घ्या.

आता आयईपी आला कुठून? इथेच १९७५ चं वर्ष येतं. त्याआधी पेनसिल्व्हानियात पालकांच्या संघटनेने केस केली (१९७१), मग वॉशिंग्टन डीसीत मिल्स केस (१९७२), आणि कोर्टांनी सांगितलं की अपंगत्व आहे म्हणून मुलाला सरकारी शाळेबाहेर ठेवता येणार नाही. पालक कोर्टात लढत होते तेव्हा सीईसीची माणसं, त्यात फ्रेडरिक वाइनट्रॉब आणि अॅलन अॅबेसन ही नावं लक्षात ठेवा, राज्याराज्यांतले कायदे गोळा करून, मसुदे करून, खासदारांना समजावत होती. २९ नोव्हेंबर १९७५ ला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केली आणि पब्लिक लॉ ९४-१४२, म्हणजे अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा, झाला. त्या कायद्यातच नमूद आहे की देशात ८० लाखांहून जास्त अपंग मुलं आहेत, निम्म्याहून जास्त मुलांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि १० लाख तर शाळेच्या पूर्ण बाहेर आहेत. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात, १९७५ ला! प्रत्येक मुलाचा लेखी आयईपी, पालकांचा सहभाग, शक्य तितकं इतर मुलांबरोबर शिक्षण, आणि तपासणी मुलाच्या मातृभाषेत, हे सगळं त्यात आलं. १९९० पासून त्याचं नाव आयडिया (इंडिव्हिज्युअल्स विथ डिसअॅबिलिटीज एज्युकेशन अॅक्ट) झालं. केंद्र सरकारने दर विद्यार्थ्यामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्के देऊ म्हटलं होतं ते मात्र आजपर्यंत कधीच पूर्ण दिलेलं नाही आणि सीईसी अजून त्यामागे लागलेली आहे. संघटनेत आता ऑटिझम, लर्निंग डिसअॅबिलिटी, लहान मुलं, असे वेगवेगळे विभाग आहेत, अतिशय हुशार मुलांसाठीही एक आहे, एक्सेप्शनलमध्ये ती पण धरतात.

आता आपल्याकडचं. तुम्ही आरसीआयला सीईसीसारखं म्हटलंय, पण दोन्हींची गल्लत करू नका. रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया १९८६ ला सोसायटी म्हणून सुरू झाली, १९९२ ला कायदा झाला आणि १९९३ पासून ती कायद्याने बनलेली संस्था आहे. ती कोर्सला मान्यता देते, तुमचं नाव रजिस्टरवर घेते, सीआरआर नंबर (त्या रजिस्टरवरचा नोंदणी क्रमांक) देते, आणि त्या नंबरशिवाय काम केलं तर १ वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणजे दर्जा ठरवण्याचं काम जे तिकडे शिक्षकांनी स्वतः हातात घेतलं ते आपल्याकडे सरकारी परिषदेकडे आहे. याचा फायदा आहे, कुणीही उठून स्पेशल टीचर म्हणून पाटी लावू शकत नाही. पण शिक्षकाच्या पगारासाठी, कायम नोकरीसाठी, वर्गातल्या अडचणींसाठी आरसीआय भांडणार नाही, ते तिचं कामच नाही.

शिक्षकांची स्वतःची संघटना आपल्याकडे नव्हती असंही नाही हं. कर्णबधिरांच्या शिक्षकांनी १९३५ सालीच, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधी, आपली परिषद काढली, ती पुढे नॅशनल कन्व्हेन्शन ऑफ एज्युकेटर्स ऑफ द डेफ म्हणून ओळखली जाते. पालकांचं बघितलं तर 'परिवार' हा राष्ट्रीय महासंघ १९९५ पासून आहे. फक्त आपल्याकडे श्रवणवाले वेगळे, दृष्टीवाले वेगळे, बौद्धिक अक्षमतावाले वेगळे, आणि सगळ्यांना एका छताखाली आणणारं सीईसीएवढं काही मोठं उभं राहिलं नाही. याचं मला वाईट वाटतं कारण २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि शाळेत आम्हाला एकाच वर्गात त्यातले तीन-चार भेटतात.

याचा परिणाम तुमच्या नोकरीवर होणार आहे म्हणून हे पण सांगते. २८ ऑक्टोबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने रजनीश कुमार पांडे केसमध्ये सांगितलं की प्राथमिकला १० विशेष मुलांमागे १ स्पेशल टीचर आणि वरच्या वर्गांना १५ मागे १, आणि २०२५ च्या मार्चमध्ये परत राज्यांना पदं जाहीर करायला सांगितलं. हे कोर्टात जाऊन मागावं लागलं. तुमच्या राज्यात किती पदं जाहीर झाली ते आत्तापासून बघत राहा, बॅचमधल्या चौघी-पाचजणी मिळून माहिती अधिकारात अर्ज केला तरी चालतो.

परीक्षेसाठी विचाराल तर १९२२, फॅरेल, तीन उद्देश, डनचा लेख आणि १९७५ एवढं नीट लिहा, आणि आरसीआय आणि संघटना यातला फरक दोन ओळीत टाका, तो बहुतेक जणं लिहीतच नाहीत.