९ वॅटचा घरगुती एलईडी बल्ब रिचार्जेबल बॅटरीवर कसा चालवायचा?

बल्बला थेट १२ व्होल्ट जोडून उपयोग नाही. आतले एलईडी एका प्लेटवर सिरीजमध्ये (एकापाठोपाठ एक) जोडलेले असतात आणि त्या प्लेटला बहुधा ६० व्होल्टच्या वर लागतात. ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज देणारं सर्किट) आणि प्लेट दोन्ही काढा (वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, जरा थांबा). त्या जागी थर्मल पेस्ट लावून १२ व्होल्ट, ५ वॅटची प्लेट बसवा. बॅटरीसाठी १८६५० आकाराचे तीन एकसारखे लिथियम सेल सिरीजमध्ये जोडा, सोबत ३एस बीएमएस (सिरीजमधल्या तीन सेलना जास्त चार्ज-डिस्चार्ज होण्यापासून वाचवणारं सर्किट) लावा. चार्जर १२.६ व्होल्टचा लिथियमसाठीचाच घ्या. साध्या अडॅप्टरला चार्जिंगचा करंट आवरता येत नाही. २६०० एमएएचच्या सेलवर साधारण पाच तास मिळतात. बॅटरी उतरेल तसा प्रकाश मंदावतो, तेवढं चालवून घ्या, नाहीतर बक-बूस्ट ड्रायव्हर (बॅटरीचा व्होल्टेज कमी-जास्त झाला तरी प्लेटला एकसारखी वीज देणारं सर्किट) घाला. सेल मात्र बल्बच्या आत कोंबू नका, उष्णतेने लवकर खराब होतात.