लग्नाच्या बैठकीत मुलीने बसावं का? याद्यांमध्ये नक्की काय लिहितात?

ताई, तुम्ही लिहिलंय की पोहे झाले, पसंती आली, आता बैठक आहे आणि घरचे म्हणतात तू आत थांब, मोठी माणसं बघतील. माझं सरळ मत सांगते, बैठकीला बसा, आणि याद्या होताना तर बसाच.

आमच्या सातारा भागात दोन्हीकडचे मामा, काका, आत्याचे यजमान आणि मध्यस्थ समोरासमोर बसतात, मुलगी चहा देऊन आत जाते आणि तिचं सगळं बाहेर ठरतं. पत्रिका आधीच बघून झालेली असते, 36 पैकी 18 गुण जुळले की बहुतेक लोक पुढे जातात, एकनाड निघाली, म्हणजे दोघांची नाडी एकच आली, तर बरेच जण तिथेच थांबतात. खरी बोलणी पुढेच, लग्न कुणाच्या दारात, कार्यालय आणि जेवण कुणाकडे की दोन्ही अंगी निम्मं निम्मं, बस्ता कोण बांधणार, कुणी किती सोनं घालायचं, मानपानाच्या साड्या किती जणींना. ते सगळं कागदावर उतरतं, याच त्या याद्या, वर श्री गणेश प्रसन्न, हळदीकुंकवाची बोटं, दोन प्रती, दोन्हीकडच्या सह्या, मग सुपारी फुटते. काही ठिकाणी तर यादीपे शादी, म्हणजे याद्या झाल्या की तिथेच लग्न, करून मोकळे होतात, मला ते मनापासून पटतं, कर्ज तरी होत नाही.

माझ्या नणंदेच्या बैठकीत समोरून आलं, "आमचं काही मागणं नाही, मुलीच्या अंगावर हौसेनं काय घालायचं ते घाला." सासरे हो हो म्हणत होते, तेवढ्यात नणंद बाहेर आली आणि म्हणाली, काका, काय घालायचं ते आत्ताच यादीत लिहूया ना. मध्यस्थांनी विषय बदलून पाहिला, ती काही हलली नाही, शेवटी नवरा मुलगाच म्हणाला काही नको, खर्च दोन्ही अंगी करू, आणि तसंच लिहिलं गेलं. माझ्या मते ही हौस आणि मोठेपणाची भाषाच सगळ्यात जास्त घात करते.

कायदा तर स्पष्ट आहे. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात हुंडा देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, शिक्षा किमान 5 वर्षं, नुसता मागितला तरी गुन्हाच, मग ती गाडी असो की फ्लॅटचं डाउन पेमेंट. न मागता मिळालेल्या भेटवस्तूंचीही यादी करायची असते, 1985 चे तसे नियमच आहेत, नवरीची यादी नवरीने ठेवायची आणि त्यावर दोघांच्याही सह्या.

आणि नोकरी चालू ठेवणार का, राहायचं कुठे, त्याच्यावर कर्ज किती, हे मुलाला बैठकीच्या आधीच एकटं भेटून विचारा. एकदा सुपारी फुटली की केळवणं सुरू होतात, पत्रिका छापायला जातात, मग नाही म्हणणं फार जड जातं.