भरमारपासून एसएलआरपर्यंत: पोलिसात भरती झालेल्या पोरीस

पोरी,
अनेक आशीर्वाद.

यादीत नाव लागलं, आता प्रशिक्षणाला निघालीस. परवा विचारत होतीस, "काकाजी, बंदुकीचं काय वाचून जाऊ?" फोनवर उरकण्यासारखी ती गोष्ट नाही, म्हणून लिहायला बसलो. माझी सारी नोकरी शस्त्रागारात हत्यारं खोलण्यात आणि जोडण्यात गेली, तेव्हा पत्र लांबेल.

भागांची नावं आत्ताच पाठ करत बसू नकोस. ती उस्ताद रोज घोकून घेतील. आधी एवढंच समजून घे की बंदूक म्हणजे एका बाजूने बंद असलेली नळी. आत दारू जळते, तिचा वायू होतो, वायूला बाहेर पडायला एकच वाट असते आणि त्या वाटेत गोळी बसलेली असते. बाकी सगळी कारागिरी दोन अडचणींपायी झाली: विस्तव दारूपर्यंत पोचवायचा कसा, आणि वायू उलटा आपल्या तोंडावर येऊ नये म्हणून काय करायचं. कोणतंही हत्यार हातात आलं की त्यात या दोन्ही अडचणी कशा सोडवल्यात तेवढं पाहा.

काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. चीनमध्ये ती नवव्या शतकात ठाऊक झाली होती. पानिपतावर १५२६ मध्ये बाबराने तोफांबरोबर ज्या बंदुका वापरल्या, त्या तोड्याच्या. नळीच्या बुडाशी बारीक भोक, त्याला कान म्हणायचे. कानाशी चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, आणि सोऱ्यात मुरवलेला सुताचा जळता तोडा. चाप ओढला की तोडा रंजकेवर टेकायचा आणि जाळ कानातून आत शिरायचा. आता आपल्याकडची श्रावणातली झड डोळ्यांपुढे आण. तोडा विझला, रंजक ओली झाली की हातात नुसता सोटा राहायचा. रात्री तर जळत्या टोकामुळे शिपाई कुठे उभा आहे ते लांबूनच कळायचं.

मग चकमकीची बंदूक आली. घोड्यात गारगोटी धरायची, ती पोलादावर आपटली की ठिणगी. विस्तव बाळगायची कटकट गेली, रंजकेला झाकणही आलं, पण पावसाचं भय पुरतं गेलं नाही. आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रज आणि भोसल्यांची फौज भिडली, तेव्हा इंग्रजांच्या शिपायांकडे याच बंदुका होत्या. तयार शिपाई मिनिटात दोन-तीन बार काढायचा आणि शंभर पावलांपलीकडे नेम म्हणजे नशीब. त्यामुळे खरा धाक तोफांचा. भोसल्यांच्या तोफा सुरू होताच इंग्रज सेनापती वेलस्लीच्या काही पलटणी पाठ फिरवून पळाल्या, त्याला त्या स्वतः सावरून परत उभ्या कराव्या लागल्या. पुढे वॉटर्लूवर नाव काढणाऱ्या माणसाची ही फजिती आपल्या मातीत झाली, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. त्याच डिसेंबरात भोसल्यांचा गाविलगड किल्ला पडला. चिखलदऱ्याला जाशील तेव्हा किल्ल्याच्या उत्तरेकडून जमीन पाहून घे. वेलस्लीच्या जोडीच्या स्टीव्हन्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या फौजेने डोंगरातून रस्ता काढत तोफा त्या बाजूला ओढत नेल्या. खिंडार तिथूनच पडलं.

रंजकेचा जाळ आधी दिसतो आणि बार मागून होतो. स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या पाद्र्याला शिकारीचा नाद होता. जाळ पाहून पाखरं उडून जातात याचा त्याला वैताग. ठोका बसताच पेटणारं स्फोटक वापरून त्याने १८०७ मध्ये नवी युक्ती पेटंट केली. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी आली आणि पावसाचा प्रश्न बहुतेक मिटला. तुझ्या काडतुसाच्या बुडाला जी वाटोळी कॅप दिसेल, ती या टोपीचीच पुढची पिढी.

दुसरी भानगड नेमाची. नळीत आतून पिळाचे आटे पाडले की गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि वाट सोडत नाही. पण आट्यांत घट्ट बसणारी गोळी तोंडातून ठासायची तर वंगण लागणार. एनफिल्ड रायफलीचं कागदी काडतूस वंगण लावलेलं, ते दातांनी फोडायचं. त्यात गाईची आणि डुकराची चरबी आहे असा बोभाटा १८५७ मध्ये झाला, पुढचं तुला शाळेत शिकवलंय. पुस्तकात चरबी येते, पण मुळात चरबी काहून लागली ते येत नाही.

पितळी काडतुसाने वायूची अडचण सोडवली. चाप दाबला की पिन कॅपवर आदळते, कॅपचा जाळ दारूला लागतो, दाबाने पितळी केस क्षणभर फुगून चेंबरला, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं त्या जागेला, चिकटते आणि मागची वाट बंद करते. दाब उतरला की ती जराशी आकसते, म्हणून बाहेर निघते. थ्री नॉट थ्री रायफलीत ती बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, ओढून आपण काढतो. एसएलआरमध्ये, म्हणजे आपोआप भरणाऱ्या रायफलीत, नळीला वर बारीक भोक असतं, त्यातून थोडा वायू पिस्टनला मागे रेटतो आणि रिकामी केस काढून नवं काडतूस भरायचं काम तो वायूच करतो. भोक काजळीने चोंदलं की हत्यार अडकतं. सफाईत तिथे आधी बघ.

सफाईवरून आठवलं. जुन्या थ्री नॉट थ्री काडतुसांच्या कॅपमधून नळीत खार उरायचा, तो हवेतली ओल ओढायचा. नुसत्या तेलाने तो जात नाही, उकळतं पाणी ओतावं लागतं. मग पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, चिंधी बांधून ओढायची, नळी पार कोरडी करायची, आणि तेल शेवटी, तेही बोटाला लागेल इतकंच.

आता गावातलं. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं तूर-हरभऱ्याची कशी नासाडी करतात ते तुला सांगायला नको. कुणी तरी म्हणेलच, "तू पोलिसात हायेस, आमाले एक बंदूक पाहून दे." हसून टाळू नकोस, नीट सांग. शस्त्र अधिनियम १९५९ चा, परवाना त्याप्रमाणेच, आणि परवाना असला तरी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा वेगळा आहे. हत्यार कागदावर असलं म्हणून जनावर मारायची मुभा मिळत नाही.

गडचिरोलीकडे बदली झाली तर जप्तीत भरमार येतील. तोंडातून ठासायची बंदूक ती. यात मागून उघडून पाहायची सोयच नसते, म्हणून भरलेली आहे की रिकामी ते नुसतं बघून सांगता येत नाही. कोरडी काळी दारू वर्षानुवर्षं जिवंत राहते. पंचनामा करताना नळीचं तोंड माणसांपासून दूर ठेव, स्वतःचं तोंडही त्यावर नेऊ नकोस. जाणत्या आर्मररला, म्हणजे शस्त्रागारातल्या कारागिराला, बोलाव. तो गज बाजूने हळूच आत सोडतो, तोंडाशी खूण करतो आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहतो. खूण तोंडाशी धरून गजाचं टोक कानाच्या अलीकडेच थांबलं तर आत काही तरी ठासलेलं आहे. कित्येकदा असतंच.

चांदमारीला, म्हणजे नेमबाजीच्या सरावाला, चाप दाबूनही बार झाला नाही तर घाईने बोल्ट ओढू नकोस. नळी टारगेटकडेच ठेवून थांब, उस्तादला हात दाखव. कधी कधी दारू उशिरा पेटते. हवेत गोळीबार हा शब्द बातम्यांत सहज येतो, पण रायफलची गोळी दोन-तीन किलोमीटर पलीकडेही जाऊन पडते, आणि तिथेही कुणाचं तरी वावर असतं.

झटक्याला भिऊ नकोस. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट रोव. सैल धरलं तर खांदा निळा पडतो, भल्या पहिलवानाचाही. पहिल्या दिवशी जे हत्यार देतील त्याचा बट नंबर, म्हणजे दस्त्यावरचा नंबर, पाठ कर आणि रोज तेच मागून घे. प्रत्येक रायफलीचा नेम थोडा इकडेतिकडे असतो, एकच वापरत राहिलीस की तो कळतो. पहिल्या चांदमारीचे गुण लागले की कळव, आणि गोळ्या टारगेटवर कुठे जमा झाल्या, डावीकडे की खाली, तेही लिही. त्यावरून चाप कसा ओढतेस ते मी इथे बसून सांगेन.

तुझे
काकाजी