पृथ्वी लांब गेली म्हणून खोकला येत नाही

जुलै उजाडला की ‘पृथ्वी सूर्यापासून दूर जाणार, खोकला वाढणार’ हे तेच फॉरवर्ड येतं, फक्त पाठवणारा बदलतो. यंदा ते प्रश्न बनून आलंय. पण आधी इतर पत्रं.

सर्वांत वेगवान ग्रह कोणता? (शाहूपुरी)

बुध. सेकंदाला सरासरी ४७ किलोमीटर. सगळ्यांत सावकाश नेपच्यून, साडेपाचच्या आत.

बुध वक्री झाला की खरंच उलटा फिरतो का? पाचू घ्यायला सांगितलाय. (राजारामपुरी)

फिरत नाही. आतल्या कक्षेतून तो पृथ्वीला मागे टाकतो, तेव्हा आपल्याला उलटा सरकताना दिसतो. पाचूचे पैसे तुमचे.

पृथ्वी इतक्या जोरात पळते, मग जाणवत कसं नाही? (फुलेवाडी)

जाणवतो तो वेगातला बदल. एसटीने करकचून ब्रेक मारला की पुढच्या सीटवर नाक आपटतं, ते त्यामुळेच. पृथ्वी सेकंदाला जवळजवळ ३० किलोमीटर जाते, म्हणजे कोल्हापूर ते पुणे आठेक सेकंदांत, पण गचका बसत नाही.

पृथ्वी सूर्यापासून दूर जाणार, २२ ऑगस्टपर्यंत थंडी-खोकला वाढणार, असा मेसेज आलाय. आईला तीन आठवडे खोकला आहे. तोवर थांबावं का? (कसबा बावडा)

अजिबात थांबू नका. दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला डॉक्टरांना दाखवायचा, थुंकी तपासायची. आजच जा.

आता मेसेज. त्यात म्हणे अंतर एरवी ९ कोटी किलोमीटर, ते १५ कोटी होणार. अहो, ९ कोटींचा आकडा मैलांतला आहे! ९.३ कोटी मैल म्हणजेच १५ कोटी किलोमीटर. एकाने मैल आणि किलोमीटर यांची खिचडी केली आणि गावभर वाटली. प्रत्यक्षात पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटींवर. दरवर्षी. हा फरक तीन-साडेतीन टक्के. लांब असताना ती थोडी रेंगाळते: जानेवारीत सेकंदाला ३०.३ किलोमीटर, जुलैत २९.३. कॅलेंडर घेऊन मोजा. मार्चच्या विषुवदिनापासून (दिवस-रात्र सारखे असतात तो दिवस) सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत १८६ दिवस भरतात, उरलेल्या अर्ध्या फेरीत १७९.

ऋतू होतात ते पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे. जुलैत भरदुपारी सूर्य कोल्हापूरच्या जवळपास डोक्यावर असतो. ढगांमुळे दिसत नाही, एवढंच. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली जातो त्या दिवसांत गारठा कशाने वाटतो, हे बावड्याच्या माणसाला मी काय सांगायचं?

अपोलो चंद्रापाशी तीन दिवसांत गेलं, चांद्रयानाला चाळीस का लागले? (गडहिंग्लज)

अपोलोचं रॉकेट प्रचंड होतं. चांद्रयान-३ ने १४ जुलै २०२३ ला उड्डाण केल्यावर पृथ्वीभोवतीच फेऱ्या मारत कक्षा वाढवली. पृथ्वीची कक्षा सोडली १ ऑगस्टला, चंद्राची गाठली ५ ला. मधला पल्ला पाच दिवसांचा. उरलेले दिवस चंद्राभोवती फिरत खाली उतरण्यात गेले. इंधन वाचवलं, वेळ खर्चला.

मंगळमोहिमेच्या निवडीसाठी मुलाकडे २५ हजार रुपये फी मागितलीय. ‘चार महिन्यांत मंगळ’ म्हणतात. (उचगाव)

मंगळयानाने १ डिसेंबर २०१३ ला पृथ्वीची कक्षा सोडली आणि ते २४ सप्टेंबर २०१४ ला पोचलं. जवळजवळ दहा महिने. मंगळ जागेवर थांबत नाही, सेकंदाला २४ किलोमीटरने पळतो. यान पोचेल त्या दिवशी तो जिथे असेल तिथला नेम धरावा लागतो. तशी सोयीची संधी साधारण २६ महिन्यांनी येते. तिथे अजून एकही माणूस गेलेला नाही. जाहिरातीत संधीची तारीख नसेल आणि फीची असेल, तर काय ते समजा. पैसे भरण्याआधी कागद मुलाच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांना दाखवा. भरले असतील तर वकिलांना.