घड्याळाशिवाय चंद्र, सावली आणि ग्रहणावरून वेळ कितपत कळते?

घड्याळ नसेल तर चंद्र आणि सावलीवरून वेळ किती अचूक सांगता येईल, आणि ग्रहणाचा त्यात काही उपयोग आहे का, असं तुम्ही विचारलंय. चंद्रावरून तासाभराच्या फरकाने वेळ कळते, सावलीवरून काही मिनिटांच्या. ग्रहणाचं प्रकरण वेगळं आहे.

आधी सावली. बहुतेक जण दुपारचे बारा ओळखायला सर्वांत आखूड सावली शोधतात. मीही काठी रोवून बसलो होतो, आणि पंधरा-वीस मिनिटं सावली तेवढीच दिसत राहिली. माध्यान्हीला सावलीची लांबी जवळपास बदलतच नाही, बदलते ती दिशा. म्हणून उत्तर-दक्षिण रेघच आखून घ्या. सपाट जागी काठी ओळंब्यात उभी करा, तिच्याभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळात शिरताना एक खूण, दुपारी बाहेर पडताना दुसरी. दोन खुणांच्या मध्यातून काठीपर्यंत जाणारी रेघ ती उत्तर-दक्षिण. दुसऱ्या दिवशी सावली त्या रेघेवर आली की बारा वाजले.

पण हे तुमच्या जागेवरचे बारा, घड्याळातले नव्हेत. प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून तुम्ही जितके अंश पूर्वेला, तितकी चार-चार मिनिटं तुमची माध्यान्ह आधी. पश्चिमेला असाल तर तेवढीच उशिरा. वर सूर्यही घड्याळाप्रमाणे चालत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो साधारण 16 मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्याला 14 मिनिटं मागे. माझे पहिले बारा चुकले ते याच कारणाने, आणि मी उगाच काठीला दोष देत होतो.

रात्री चंद्र. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि मध्यरात्री सर्वांत उंच असतो. पुढे रोज सरासरी 50 मिनिटं उशीर. म्हणजे पौर्णिमेनंतर चौथ्या रात्री तो माथ्याकडे येईल तेव्हा पहाटेचे सव्वातीन-साडेतीन झालेले असतील. तासाला तो जवळपास 15 अंश सरकतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण 10 अंशांची, तेव्हा एका मुठीला 40 मिनिटं धरा. मुठी मात्र चंद्राच्या वाटेवरून मोजायच्या, क्षितिजापासून सरळ वर नव्हे.

गोम तिथीत आहे. नुसत्या डोळ्यांनी चतुर्दशी की पौर्णिमा हे ठरवताना एका दिवसाची चूक सहज होते, आणि ती झाली की 50 मिनिटं गेली. त्यापेक्षा अर्धा चंद्र बरा. उजेड-अंधाराची सीमा सरळ दिसली की सूर्य त्याच्यापासून 90 अंशांवर, म्हणजे सहा तासांवर आहे. शुक्ल पक्षातला असा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, कृष्ण पक्षातला तेव्हा उगवतो.

आता ग्रहण. चंद्रग्रहणाच्या मध्यावर चंद्र सूर्याच्या जवळजवळ नेमका समोर असतो, त्यामुळे तिथीचा घोळ उरत नाही आणि चंद्राच्या जागेवरून सौरवेळ, म्हणजे सूर्याच्या जागेवरून ठरणारी स्थानिक वेळ, थेट वाचता येते. शिवाय चंद्र दिसत असलेल्या सगळ्या ठिकाणी ग्रहण एकाच क्षणी सुरू होतं, म्हणून दोन गावांनी आपापल्या स्थानिक वेळा नोंदवल्या तर फरकातून रेखांशातलं अंतर निघतं. कोलंबसाने 29 फेब्रुवारी 1504 च्या ग्रहणावर जमैकात हा प्रयोग केला. स्पेनमधल्या कादिझ बंदरापासूनचं वेळेतलं अंतर त्याने सव्वासात तास काढलं, खरं पावणेपाच तासांच्या आसपास आहे. तत्त्व बिनचूक, मोजणी गंडलेली.

आजच्या इराकमधल्या प्राचीन बॅबिलोनच्या नोंदींनी मात्र खुद्द पृथ्वीचीच वेळ तपासली. तिथे 15 एप्रिल ई.स.पू. 136 रोजी खग्रास सूर्यग्रहण दिसलं. पृथ्वी तेव्हापासून आजच्याच वेगाने फिरत आली असती, तर ते सुमारे 49 अंश पश्चिमेला दिसायला हवं होतं. दिवस शतकाला पावणेदोन मिलिसेकंदांच्या आसपास लांबत गेला, आणि साठत साठत तो फरक सव्वातीन तासांचा झाला.