शिंगरू, कोल्ट, फिली, मेअर, गेल्डिंग: घोड्याला कोणत्या वयात काय म्हणतात?

तुम्ही विचारलंय की शिंगरू, इयरलिंग, कोल्ट, फिली, मेअर, गेल्डिंग हे सगळे घोड्याच्या वयाचे टप्पे आहेत का, आणि असतील तर एक कधी संपतो व दुसरा कधी सुरू होतो. घोड्यांच्या पैदास केंद्रात काम करताना हे शब्द दिवसभर तोंडात असायचे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही नावं एकापुढे एक अशी लावायला गेलं की घोळ होतो. काही नावं फक्त वय सांगतात, काही वय आणि लिंग दोन्ही सांगतात, तर काहींचा वयाशी संबंधच नसतो. गेल्डिंग म्हणजे खच्ची केलेला नर. तो दोन वर्षांचा असो की बावीस वर्षांचा, गेल्डिंगच.

आता जन्मापासून बघू. घोडी साधारण अकरा महिने, म्हणजे 340 दिवसांच्या आसपास गाभण असते. तिचं पिल्लू ते शिंगरू, नर असो की मादी. इंग्रजीत त्याला फोल म्हणतात. नर असेल तर कोल्ट फोल, मादी असेल तर फिली फोल. आईच्या अंगावर पितं आहे तोवर त्याला सकलिंग असंही म्हणतात.

पहिल्या काही तासांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण सगळ्यात मोठा धोका तिथेच असतो. शिंगरू तासाभरात उभं राहायला हवं, दोन तासांत त्याने दूध प्यायला हवं आणि तीन तासांत घोडीची वार (प्लासेंटा) पडायला हवी. आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं गर्भात असताना शिंगराला मिळत नाहीत, वारेतून ती पलीकडे जातच नाहीत. ती मिळतात फक्त चिकातून. शिंगराचं आतडंही ती पहिला दिवसभरच शोषू शकतं, आणि ही क्षमता तासागणिक घटत जाते. म्हणून अशक्त शिंगरू सकाळपर्यंत आपोआप उठेल म्हणून वाट बघत बसू नये, लगेच डॉक्टरांना बोलवावं. वार अडकून राहिली तर घोडीच्याही जिवावर बेततं.

चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान दूध तोडतात. त्यानंतर ते वीनलिंग. हे नाव वर्ष पुरं होईपर्यंतच टिकतं. माझं स्पष्ट मत आहे की शिंगराला आईपासून एका झटक्यात तोडून एकटं कोंडू नये. सोबतीला दुसरं शिंगरू किंवा एखादी शांत घोडी असली की ते खाणंपिणं टाकत नाही.

वर्षाचं झालं की इयरलिंग. पण इथे ‘वर्षाचं’ म्हणजे काय, हे बघावं लागतं. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचं वय वाढदिवसावरून मोजत नाहीत. उत्तर गोलार्धात सगळ्यांचं वय 1 जानेवारीला एका वर्षाने वाढतं, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये 1 ऑगस्टला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जन्मलेलं शिंगरू कागदावर आठवड्याभरातच इयरलिंग होईल. म्हणून पैदास करणाऱ्यांना शिंगरं वर्षाच्या सुरुवातीला हवी असतात. घोडी मात्र निसर्गतः दिवस मोठे होऊ लागले की माजावर येते. मग हिवाळ्यात तबेल्यात रात्री उशिरापर्यंत दिवे लावून तिच्यासाठी दिवस मोठा करतात. नॉर्दर्न डान्सर हा प्रसिद्ध घोडा 27 मे 1961 चा. त्याने अमेरिकेतली केंटकी डर्बी ही शर्यत जिंकली 2 मे 1964 रोजी. ती शर्यत तीन वर्षांच्या घोड्यांची, आणि त्याला खरी तीन वर्षं पूर्ण व्हायला अजून पंचवीस दिवस बाकी होते.

कोल्ट आणि फिली या दोन शब्दांची हद्द देशागणिक बदलते. कोल्ट म्हणजे खच्ची न केलेला तरुण नर, फिली म्हणजे तरुण मादी. ब्रिटन-अमेरिकेच्या शर्यतींत चार वर्षांपर्यंत हीच नावं चालतात आणि पाच वर्षांची झाल्यावर मादी मेअर होते. ऑस्ट्रेलियात चार वर्षांची झाली की मेअर. शर्यतीबाहेरचे लोकही बहुधा चारच धरतात. त्यामुळे दोन ठिकाणी दोन आकडे वाचले असतील तर दोन्ही बरोबर आहेत. शरीर मात्र हे आकडे पाळत नाही. वर्षाच्या घोड्याने आपली जवळजवळ नव्वद टक्के उंची गाठलेली असते, पण हाडं त्यानंतरही कितीतरी काळ कच्ची असतात. पाठीच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला पाच वर्षं सहज लागतात. इयरलिंग दिसायला कितीही भरलेला असला तरी त्याच्या पाठीवर वजन टाकायला माझा ठाम विरोध आहे.

पूर्ण वाढ झालेला, खच्ची न केलेला नर म्हणजे स्टॅलियन, आपल्याकडचा अंडील घोडा. त्याची पिल्लं झाली की त्या पिल्लांच्या संदर्भात तो सायर. एक किंवा दोन्ही वृषण खाली न उतरलेला नर म्हणजे रिग. तो वरून खच्ची केल्यासारखा दिसला तरी वागणं स्टॅलियनचं असू शकतं, म्हणून हे नाव माहीत असलेलं बरं. खच्ची बहुधा सहा महिने ते दोन वर्षं या वयात करतात, म्हणजे स्वभाव आटोक्यात राहतो. त्यानंतरही काही आठवडे नराला माद्यांपासून दूर ठेवावं लागतं, कारण आधी तयार झालेले शुक्राणू लगेच संपत नाहीत. इंग्लंडमधल्या एप्सम डर्बी या शर्यतीत गेल्डिंगला प्रवेश नाही, कारण पुढची पिढी कोणापासून घडवायची हे त्या शर्यतीतून ठरावं अशी कल्पना आहे. केंटकी डर्बीत मात्र चालतो. 2003 साली जिंकलेला फनी साइड गेल्डिंगच होता. ऑस्ट्रेलियातली मेलबर्न कप ही शर्यत 1930 साली जिंकणारा फार लॅपही गेल्डिंग.

मादीच्या बाजूला नावं जास्त आहेत. पैदाशीसाठी ठेवलेली ती ब्रूडमेअर, अजून एकदाही न व्यायलेली ती मेडन मेअर, शिंगराची आई ती डॅम. थरोब्रेडच्या वंशावळीत सावत्र भावंडं धरतात ती फक्त आईकडून. बाप एक आणि आया वेगळ्या असतील तर नातं धरतच नाहीत, कारण एका सायरची एका वर्षात शंभराहून जास्त शिंगरं असू शकतात.

म्हातारपणाला ठरलेली रेघ नाही. पंधरा ते वीस वर्षांपासून पुढे म्हातारा धरतात, आणि चांगली निगा असेल तर घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. इंग्लंडमध्ये कालव्यातल्या नावा ओढणारा ओल्ड बिली 1822 साली मेला तेव्हा 62 वर्षांचा होता असं सांगतात.

कागद नसतील तर वयाचा अंदाज दातांवरून करतात. पुढचे दुधाचे दात साधारण सहा दिवस, सहा आठवडे आणि सहा महिने अशा क्रमाने येतात. ते पडून कायमचे दात येतात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास, आणि पाचव्या वर्षी तोंड भरतं. पुढे दातांवरचे खळगे झिजत जातात. दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या कडेच्या दातावर एक खाच दिसू लागते, ती विसाव्या वर्षापर्यंत पूर्ण खाली उतरते. पाच वर्षांपर्यंत हा अंदाज बऱ्यापैकी खरा ठरतो. नंतर चारा, जमीन आणि सवयींप्रमाणे झीज बदलते, म्हणून ‘बारा वर्षांचा आहे’ असं कुणी नुसते दात बघून छातीठोकपणे सांगितलं तर त्यावर पैसे मोजू नका.

आणि पोनी म्हणजे घोड्याचं पिल्लू नव्हे. तो वयाचा शब्दच नाही, ते लहान चणीचं तट्टू. सर्वसाधारण मर्यादा 14.2 हँड. एक हँड म्हणजे चार इंच आणि टिंबानंतरचा आकडा सुटे इंच, म्हणजे 58 इंच, सुमारे 147 सेंटिमीटर. ही उंची जमिनीपासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंत मोजतात, डोक्यापर्यंत नाही. पोलो खेळणाऱ्या घोड्यांना मात्र उंची कितीही असली तरी पोनीच म्हणतात.