महिन्यातून एकदाच म्हणतोस ना

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. हुरड्याच्या पार्टीनंतर सकाळी तू मला विचारलंस, "काका, गाडी कोणी आणली?" अरे, तूच आणलीस, रात्री दीडला, मंगळवेढ्याहून सोलापूरपर्यंत. मी हादरलोय, आणि तू वर म्हणतोस, "रोज कुठं पितो? पगार झाला की एकदा बसतो."

दीड क्वार्टर झाली, असं तूच सांगितलंस. एका क्वार्टरमध्ये 180 मिली, म्हणजे 42.8 टक्क्यांच्या हिशोबानं साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीतल्या 60 ग्रॅमलाच अतिमद्यपान धरते, मग ते महिन्यातून एकदाच का असेना. यकृत तासाला जेमतेम एक छोटा पेग निपटवतं. महिनाभर घेतली नाही म्हणून त्या रात्री त्याचा वेग वाढत नाही.

माझा धाकटा भाऊ असाच. अक्कलकोट रोडला यंत्रमागावर होता. प्यायचा ती फक्त पगाराच्या रात्री. बेचाळिसाव्या वर्षी एका पहाटे त्यानं माझा हात ओढून छातीवर ठेवला. धोटा अडकल्यावर माग कसा अडखळतो, मधेच धावतो, तसे ठोके. डॉक्टर म्हणाले, सुट्टीत, सणात भरपूर प्यायल्यावर असं होतं. 1978 पासून याला 'हॉलिडे हार्ट' म्हणतात. ठोके असे विस्कटले की हृदयात रक्ताची गुठळी होऊन मेंदूकडे जाऊ शकते, हेही त्यांनी बजावलं होतं. त्याचं पिणं तसंच चालू राहिलं. तीन वर्षांनी अर्धांगवायू झाला, उजवा हात गेला. शेंगा चटणीबरोबर कडक भाकरी कडाकडा मोडून खाणारा माणूस; आता त्याची बायको दुधात कुस्करून भरवते.

रक्तदाब, स्वादुपिंडाची सूज हेही आहेच. आणि 1988 पासून दारू कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे तिच्यामुळे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालंय.

पण मला जास्त भीती त्या न आठवणाऱ्या प्रवासाची वाटते. तेव्हा तू झोपेत नव्हतास. दारूनं मेंदूचं आठवण साठवणारं काम बंद पाडलं होतं. तू तेवीस वर्षांचा. पंचविशीपर्यंत मेंदूची घडण चालूच असते रे.

रविवारी सकाळी घरी ये. दोघं मिळून रक्तदाब तपासून येऊ, डॉक्टरांना त्या रात्रीचं सगळं सांगू. आणि पुढच्या पगाराला मित्रांकडे जाण्याआधी गाडीची किल्ली माझ्या हातात दे. रात्री कितीही वाजता फोन कर, मी न्यायला येईन.

तुझा,
काका